आधी उतार, मग चढण: लहान मुलांना घेऊन हॅकलबार्नी स्टेट पार्क

न्यू जर्सीत तीन ते सात वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा जंगलात चालायला कुठे न्यावं, असं कुणी विचारलं की मी हॅकलबार्नी सांगते. आणि त्याच दमात एक गोष्ट बजावते: इथे गाडी वर लागते आणि नदी खाली असते. म्हणजे निघताना उतार आणि परतताना चढण. गड चढून मोठ्या झालेल्या आपल्या मंडळींच्या डोक्यात हिशेब नेमका उलटा बसलेला असतो. ताज्या दमाने चढायचं, माथ्यावर डबा खायचा, दमल्या पायांनी उतरायचं. हॅकलबार्नीत मुलं उतारावर धावत सुटतात, नदीकाठी मनसोक्त खेळतात, भुकेजतात, पेंगायला लागतात आणि मग चढण सुरू होते. सगळ्या दिवसाची आखणी या एका गोष्टीभोवती करा. मुलाची निम्म्याहून जास्त ताकद परतीसाठी राखून ठेवायची.

पार्क मॉरिस काउंटीत, चेस्टर गावाजवळ आहे. एडिसनकडून २८७ आणि मग २०६ नंबरचा हायवे धरला तर साधारण तासाभराचं अंतर. ब्लॅक रिव्हर इथल्या दरीतून मोठमोठ्या धोंड्यांमधून वाट काढत जाते. हीच नदी पुढे लॅमिंग्टन म्हणून ओळखली जाते. राईनहार्ट ब्रुक आणि ट्राउट ब्रुक हे दोन ओढे तिला येऊन मिळतात. न्यू जर्सीतल्या बऱ्याच स्टेट पार्कांत मेमोरियल डे ते लेबर डे (मे अखेर ते सप्टेंबरची सुरुवात) या काळात गाडीमागे शुल्क असतं, इथे ते नाही. १९२४ साली अ‍ॅडॉल्फ बोरी यांनी आपल्या आईच्या आणि नातीच्या स्मरणार्थ ३२ एकर जमीन राज्याला दिली, तिथून हा पार्क सुरू झाला. एका नातीच्या आठवणीत दिलेल्या जागेत आपली पोरं खेळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलांनाही मी ते सांगते.

मैल नको, घड्याळ बघा

ट्रेलच्या नकाशावर दीड मैल लिहिलेलं असतं आणि मोठ्यांना वाटतं, पाऊण तासात आटपेल. चार वर्षांच्या मुलाबरोबर तासाला एक मैल धरा, आणि तोही न रेंगाळता. तीन वर्षांचं मूल असेल तर मैलाचा विचारच सोडून द्या. त्या वयाच्या मुलाला दहा पावलांवर एक काठी सापडते, पुढच्या दहा पावलांवर तिच्याहून चांगली काठी सापडते.

आमच्या घरी गणित असं असतं. खाली उतरायला अर्धा तास. नदीवर एक तास. वर यायला पाऊण तास, आणि याखेरीज आणखी अर्धा तास हाताशी, कारण काहीतरी होतंच: बुटात खडा जातो, शू लागते, धाकटी रुसून दगडावर बसते. सगळे मिळून पावणेतीन तास. दुपारची झोप घेणारं मूल असेल तर हे पावणेतीन तास झोपेच्या आधी संपले पाहिजेत. म्हणून सकाळी साडेनऊला पार्किंगमध्ये असावं. त्या वेळी जागाही मिळते. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी रंगलेली पानं बघायला आणि जवळच्या सायडर मिलवर (सफरचंदाचा रस काढतात तिथे) डोनट खायला इतकी गर्दी लोटते, की दुपारी आलात तर रस्त्यातच अडकाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परत निघायची वेळ मूल दमल्यावर येत नाही, ते खुशीत खेळत असतानाच येते. हे मनाला जड जातं. इतकं छान रमलंय, खेळू दे की आणखी वीस मिनिटं, असं वाटतं. पण ती वीस मिनिटं त्याच्या चढणीच्या ताकदीतून जातात. पंधरा मिनिटं आधी सांगा, पाच मिनिटं आधी पुन्हा सांगा, "शेवटचे तीन दगड पाण्यात टाक" म्हणा आणि उठा. रडत निघालेलं मूल दहा पावलांत गप्प होतं. दमून गळून गेलेलं मूल मात्र चढणभर तुमच्या कडेवर असतं.

खुणा शोधायचं काम मुलाला द्या

पार्किंगपाशी नकाशा बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. मग मुलाला एकच काम सांगा: झाडावरच्या रंगीत खुणा शोधायच्या. प्रत्येक ट्रेलचा एक रंग असतो आणि त्या रंगाचे पट्टे थोड्या थोड्या अंतरावर झाडांवर मारलेले असतात. एक पट्टा म्हणजे सरळ चला. एकावर एक दोन पट्टे दिसले तर वळण आहे, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला असतो तिकडे वळायचं. तीन पट्ट्यांचा त्रिकोण म्हणजे ट्रेलची सुरुवात किंवा शेवट.

हे पाच वर्षांच्या मुलाला एकदा समजलं की ते पुढे चालतं, तुम्ही मागे. "अजून किती लांब?" हा प्रश्न बंद होतो, कारण आता वाट त्याच्या हातात असते. आमचा थोरला चढणीवर कुरकुरायला लागला की मी त्याला म्हणते, पुढची खूण मला दिसत नाहीये, तुला दिसते का बघ. तो खुणेपर्यंत जातो, तिथे थांबतो, आम्ही पोचतो, मग पुढची खूण. अख्खी चढण अशी एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत संपते. गोळी-चॉकलेटच्या आमिषापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण गोळ्या संपतात.

पुढे चालणाऱ्या मुलासाठी नियम एकच, पण पक्का: मागच्या मोठ्या माणसाला तू दिसला पाहिजेस, आणि दोन वाटा फुटतात तिथे थांबायचं. गळ्यात शिट्टी असू द्या; तीनदा वाजवली की मदत हवी, एरवी वाजवायची नाही. आणि हे निघण्याआधी गाडीतच शिकवा: वाट चुकली असं वाटलं तर जिथे आहेस तिथेच जवळच्या झाडाला धरून बस, आम्हाला शोधायला निघू नकोस. आम्हीच तुला शोधू. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा. हरवलेल्या मुलाने काय घातलं होतं, हे घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही.

कुणाला उचलायचं आणि कशात

स्ट्रोलर गाडीतच ठेवा. वाट खडकाळ आहे, जागोजागी दगडी पायऱ्या आहेत. ज्या बाळाचा मानेवर पूर्ण ताबा आहे आणि जे आधाराशिवाय नीट बसतं, त्याच्यासाठी पाठीवरची फ्रेमवाली कॅरियर घ्या. बाळ तुमच्या पाठीवर असलं तरी त्याचं डोकं तुमच्या डोक्याच्या वर येतं, म्हणून झुकलेल्या फांदीखालून जाताना गुडघ्यातून वाका. कमरेतून वाकलात तर बाळ पुढे झुकतं. उतारावर कॅरियर घेतलेल्या माणसाच्या हातात ट्रेकिंग पोल द्या, आणि दुसऱ्या मुलाचा हात त्याच माणसाने धरायचा नाही.

तीन-चार वर्षांचं मूल हा खरा पेच. त्याला चालता येतं, पण शेवटपर्यंत नाही. माझं मत स्पष्ट आहे: रिकामी कॅरियर किंवा कापडी स्लिंग पाठीवर न्या, जरी उतरताना ती लागली नाही तरी. पंधरा किलोचं झोपलेलं मूल नुसत्या हातांवर घेऊन ओल्या पायऱ्या चढणं धोक्याचं आहे, कारण पाय कुठे पडतो ते दिसत नाही.

मोठी माणसं किती हवीत? दोन मुलांमागे किमान दोन. आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना जरूर आणा, पण त्यांना या मोजणीत धरू नका. गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी वर पिकनिकच्या टेबलांवर झाडाखाली बसावं. खाली न जाताही जंगल पुरेसं दिसतं. उतरायचं असेलच तर चपला किंवा साडी नको. पकड असलेले बूट आणि हातात काठी हवी.

नदीकाठी

मुलांसाठी ही सहल म्हणजे नदी. पोहायला इथे परवानगी नाही. पाण्यातल्या आणि काठावरच्या दगडांवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि बुटालाही कळत नाही. आधी एखाद्या मोठ्या माणसाने जागा बघावी: पाणी संथ आणि उथळ आहे, काठ सपाट आहे, खालच्या अंगाला लगेच मोठे धोंडे किंवा धबधबा नाही. मग एका मोठ्या माणसाने मुलाच्या हातभर अंतरात राहायचं. हातभर म्हणजे खरंच हातभर, हात लांब केला की दंड पकडता आला पाहिजे. त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत, डबा उघडायचा नाही. दर वीस मिनिटांनी पाळी बदला.

आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल किंवा बर्फ वितळत असेल तर पाण्याचा आवाज वरूनच मोठा येतो. अशा दिवशी काठावर जायचंच नाही. पाण्यापासून दूरच्या एखाद्या टेबलावर बसा आणि आवाज ऐका. मुलांना कारण सांगा, ती समजून घेतात.

करायला खूप असतं. दगड टाकणं, पान सोडून शर्यत लावणं, गळ टाकून बसलेल्या लोकांना लांबून बघणं (या नदीत ट्राउट मासे सोडले जातात). हेमलॉक या सूचिपर्णी झाडाची बारीक पानं उलटी करून दाखवा, प्रत्येक पानाच्या पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतात. डहाळीवर पानांच्या बुडाशी कापसाचे पांढरे ठिपके दिसले तर ती अ‍ॅडेल्जिड नावाची कीड. पूर्वेकडच्या राज्यांतली हेमलॉकची झाडं ती मारत चालली आहे. आमच्या थोरल्याला हे कळल्यापासून तो प्रत्येक हेमलॉक तपासतो. पावसाळी दिवशी वाटेवर झगझगीत नारिंगी रंगाचा, बोटाएवढा एक जीव सापडू शकतो, तो म्हणजे न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराचं पिल्लू, रेड एफ्ट. बघायचा, हात लावायचा नाही, कारण त्याच्या कातडीत विष असतं. चुकून धरलाच तर तोंडाला, डोळ्यांना हात लावण्याआधी धुवायचे. दगड, फुलं, रोपं घरी न्यायची नाहीत. काठ्या निघताना झाडापाशी परत ठेवायच्या.

डबा, पाणी, शू

खाणं दोन भागांत वाटा. एक भाग नदीवर, दुसरा वर गाडीपाशी पोचल्यावर. दुसरा भाग मुलांच्या आवडीचा असू द्या, म्हणजे चढायला कारण मिळतं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशमी-गूळ, काकडी, उकडलेला बटाटा असं हाताने खाता येणारं चांगलं. चिवडा नेत असाल तर चार वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातले शेंगदाणे काढून टाका. अख्खे दाणे, अख्खी द्राक्षं आणि पॉपकॉर्न या वयात घशात अडकतात, आणि जंगलात मदत पोचायला वेळ लागतो. द्राक्षं उभी चिरून चार भाग करा. आणि खाणं बसूनच. चालता-चालता तोंडात काही नाही.

प्रत्येक मुलामागे निदान अर्धा लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नदीचं पाणी प्यायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

राज्याच्या पार्कांत जे आणलं ते परत न्यायचं असा नियम आहे, कचऱ्याचे डबे मिळणार नाहीत. वापरलेले डायपर, केळ्याची सालं, ओले रुमाल, सगळं बंद होणाऱ्या पिशव्यांत घालून घरी. सालं झाडाखाली टाकली तर कुजतील, असं आपल्याला वाटतं. त्याआधी त्यांच्या वासाने अस्वल येतं. न्यू जर्सीच्या सगळ्या २१ काउंट्यांत काळी अस्वलं दिसलेली आहेत आणि त्यांना खाऊ घालणं इथे बेकायदा आहे. वाटेवर गप्पा मारत, गाणी म्हणत चाला म्हणजे त्यांना आपली चाहूल लागते. दिसलंच तर लहान मुलांना उचला, पळू नका, पाठ फिरवू नका, शांतपणे बोलत मागे-मागे सरका.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी बाथरूमला जायचं, "मला नाही लागली" म्हणणाऱ्यांनीसुद्धा. तरी वाटेत लागतेच. वाट आणि पाणी या दोन्हींपासून २०० फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर पावलं, लांब जायचं. दुसरं काम असेल तर सहा ते आठ इंच खोल खड्डा करून नंतर बुजवायचा, म्हणून एक छोटी खुरपी सोबत ठेवा. कागद पिशवीत घालून परत आणायचा.

गोचीड आणि तीन पानं

अस्वलाची भीती सगळ्यांना वाटते, पण मला खरी काळजी गोचिडीची असते. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि मे ते जुलै या काळात तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. चावल्याचं कळतही नाही.

मुलांना फिक्या रंगाच्या लांब पँट घाला आणि त्यांची टोकं मोज्यांत खोचा. वाटेच्या मधोमध चालायला शिकवा. गोचीड गवताच्या आणि झुडपांच्या टोकांवर बसून वाट बघते. डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेला स्प्रे दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचा नाही. 'नैसर्गिक' म्हणून लोक घेतात ते लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मुलांच्या तळहातांवर स्प्रे नको, ते हात तोंडात जातात. परमेथ्रिन हे कीटकनाशक (०.५ टक्के) कपड्यांसाठी आणि बुटांसाठी आहे, कातडीवर नाही. आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा.

घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. धुण्याने गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरते. दोन तासांच्या आत अंघोळ, आणि अंघोळीच्या वेळी तपासणी: केसांच्या मुळाशी, कानांमागे, काखेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, जांघेत, गुडघ्यांच्या मागे. बोटं कातडीवरून फिरवा, डोळ्यांना न दिसलेला दाणा बोटांना लागतो. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला अगदी टेकून पकडा आणि सरळ वर ओढा. पिळायचं नाही, तेल-व्हॅसलीन लावायचं नाही, काडी पेटवून चटका द्यायचा नाही. साबणाने धुवा, तारीख लिहून ठेवा. लाइमचा जंतू अंगात जायला ती बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त चिकटून राहावी लागते, म्हणून त्याच दिवशीची तपासणी इतकी मोलाची. पुढच्या महिनाभरात चट्टा उठला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आपणहून सांगा.

दुसरं पॉयझन आयव्ही, हात लागला की अंगावर खाज आणि फोड उठवणारी वनस्पती. एका देठावर तीन पानं, मधल्या पानाचा दांडा लांब, आणि झाडावर चढलेली वेल असेल तर खोडाला केसाळ मुळ्या. उन्हाळ्यात मुलं तिच्याकडे बघतही नाहीत. पण ऑक्टोबरात ती सुरेख लाल होते, आणि नेमकी तेव्हाच पोरं लाल पानं गोळा करत असतात. म्हणून शरद ऋतूत नियम असा: पडलेलं पान उचलायचं, वेलीचं तोडायचं नाही, आणि उचललेलं आधी आईला दाखवायचं. हात लागलाच तर शक्य तितक्या लवकर साबणाने खसखसून धुवा, नखांखालीही.

कधी जाऊ नये

जानेवारी-फेब्रुवारीत दगडी पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा असतो. लहान मुलांना घेऊन तेव्हा नको. एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर, हे दिवस सगळ्यात चांगले. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या आधीच सूर्य मावळतो आणि दरीत त्याआधीच अंधारतं. थंडीत मुलांना सुती कपडे आतून घालू नका, घामाने ओले झाले की वाळत नाहीत. मोज्यांचे दोन जास्तीचे जोड मात्र बारा महिने न्या, एक पाठपिशवीत आणि एक गाडीत.

ही चढण मूल स्वतःच्या पायांनी दोन-तीनदा चढलं की मग हाय पॉइंट स्टेट पार्क. राज्याची सगळ्यात उंच जागा, १,८०३ फूट, आणि तिच्यावर २२० फुटांचा मनोरा. तिथे सुरुवात मनोऱ्यापासूनच होते, त्यामुळे उतार आधी आणि चढण नंतर हा हिशेब तिथेही तसाच लागतो. वर वारा फार असतो. कानटोपी मे महिन्यातसुद्धा न्या.